कण्हेरच्या पाण्यावरचे ते मेळावे

संक्रांत सरली की शाळेच्या जलक्रीडा मंडळाचा मेळावा कण्हेरच्या जलाशयावर भरायचा. साताऱ्याहून एसटीनं पोरं, मागून पालक, आणि टेम्पोत शिडाच्या होड्या. सकाळी वारा नावापुरता, दुपारी तो जोर धरायचा. म्हणून सकाळ शिकवायला आणि दुपार शर्यतींना.

होड्या ऑप्टिमिस्ट जातीच्या. 1947 साली फ्लोरिडातल्या क्लार्क मिल्स यांनी ही होडी लहान मुलांसाठीच आखली. लांबी 2.3 मीटर, शीड 3.3 चौरस मीटर, रिकाम्या होडीचं वजन 35 किलो. एकट्या पोरानं हाकायची, वयाच्या 15 वर्षांपर्यंत.

मेळाव्याची सुरुवात भाषणानं कधीच झाली नाही, आणि ते फार बरं झालं. पहिला मान होडी उलटवण्याचा! पालक काठावर उभे, आणि 50 मीटर पोहून दाखवलेली मुलं लाइफ जॅकेट घालून होडी मुद्दाम आडवी पाडायची. मग मेनशीट, म्हणजे शीड आवरायची दोरी, मोकळी सोडायची, पोहत तळाच्या बाजूला जायचं, डॅगरबोर्डावर, म्हणजे तळातून बाहेर आलेल्या फळीवर, पाय रोवून होडीचा काठ धरायचा आणि मागं रेलायचं. शीड पाण्यातून सुटलं की होडी झपकन सरळ होते. मग मागच्या बाजूनं आत चढायचं आणि पाणी उपसायचं. उपसायचं भांडं दोरीनं बांधलेलं नसेल तर ते तरंगत निघून जातं. होडीतल्या तीन हवेच्या पिशव्यांपैकी एक जरी ढिली असेल, तरी काठ पाण्याखाली राहतो आणि कितीही उपसलं तरी पाणी हटत नाही. लेक स्वतः होडी सरळ करून हसत परतली की आईची भीती जायची. मंडळात नवी नावं यायची ती बहुतेक तेव्हाच.

दुसरी धमाल शीड चढवण्याच्या चढाओढीची. डोलकाठी बुडाशी नीट बांधली का, हे आधी तपासलं जायचं, कारण उलटताना ती खाचेतून निसटली तर होडीच मोडते. शीड आणि डोलकाठी यांच्यात 10 मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवायची नाही. मग स्प्रिटची, म्हणजे शिडाचा शेंडा वर ताणून धरणाऱ्या तिरप्या काठीची दोरी. ती ढिली राहिली तर डोलकाठीच्या वरच्या टोकापासून बूमच्या, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या काठीच्या, मागच्या टोकापर्यंत तिरपी सुरकुती पडते. फार ताणली तर शिडाच्या शेंड्यापासून डोलकाठीच्या बुडाकडे. सहावी-सातवीतली पोरं लांबूनच शिडाकडे बघून सांगायची, "अजून थोडं ओढ रे!" असं ऐकलं की शिकवणाऱ्यांना वर्षभराचं समाधान मिळायचं.

दुपारच्या शर्यतीत डोंगराच्या आडोशाला वारा मरायचा आणि नवखी पोरं तिथंच अडकायची. नाक सरळ वाऱ्यात गेलं की होडी थांबते, मग मागं सरकायला लागते. त्या वेळी बूम हातानं एका बाजूला ढकलायचा आणि सुकाणूचा दांडा त्याच बाजूला धरायचा. होडी वळते, शीड भरतं. घाबरून सुकाणू हलवत बसलं तर काहीच होत नाही. हे वर्गात फळ्यावर कितीदा काढलं तरी पोरांना कळायचं ते पाण्यावरच.

सांगलीला कृष्णेवर वल्ह्यांच्या होड्यांच्या शर्यती बघायला काठ फुलतात. शिडाच्या होडीला तसं वेड लागावं म्हणूनच हा खटाटोप होता.

संध्याकाळी पिठलं-भाकरी आणि उरलेला तिळगूळ. त्याआधी शिडं वाळवून गुंडाळायची, घडी घालायची नाही. घडीवर कापड चिरतं आणि ओलं ठेवलं तर बुरशी धरतं. हे काम दहावीच्या मुलांकडे असायचं आणि पाचवीतली पोरं टोकं धरायला भांडायची.