फिरती ढाल आणि रात्रीची लाईट

आमच्या मंडळाची काव्यवाचन स्पर्धा १३ ऑगस्टला असते, बालकवींच्या जन्मदिवशी. त्यांचं जन्मगाव धरणगाव हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दुसरी तारीख कुणाला सुचलीच नाही. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ सगळीकडे असतं तसंच. पाहुणे १९०७ चं जळगावचं कविसंमेलन सांगतातच: अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर, आणि त्यांनी सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरेंना दिलेली ‘बालकवी’ ही पदवी. पोरांना हे पाठ झालंय. तरी जिल्ह्याचं नाव निघालं की माझी मान ताठ होतेच.

शालेय गटात बहिणाबाई भरपूर. हातवारे बाईंनी बसवलेले, आया खिडकीतून ओठ हलवणाऱ्या. गोड असतं, पण माझा जीव खुल्या गटात, त्यातही स्वरचित कवितेत. एका वर्षी निंदणीचं काम सोडून एक ताई आल्या. हातात कागद नाही. “मले लिहता येत नाही. आयका,” म्हणाल्या आणि सुरू झाल्या. नवरा केळीला पाणी द्यायला विहिरीवर झोपलेला, लाईट रात्री दोनला यायची, आणि ही घरात जागी, मोटारीचा आवाज कधी येतो म्हणून कान लावून. तीन मिनिटांची घंटी वाजली. ताईंनी परीक्षकांकडे बघून सांगितलं, “थांबा भाऊ, लाईट यायची हाये अजून.” सभागृह हसलं, मग एकदम गप्प झालं. परीक्षकांनी वेळेचे गुण कापले आणि ताई दुसऱ्या आल्या. पहिली आलेली कविता कोणती होती, विचारून बघा कुणालाही!

म्हणून फिरत्या ढालीवर त्यांचं नाव नाही. ढालीवर आता जागाही उरलेली नाही, खाली फळी जोडावी लागली. एकदा ढाल थेट सासरी गेली. विजेत्या मुलीचं वैशाखात लग्न झालं आणि सामानात ती बांधली गेली. पुढच्या वर्षी जावईबापू स्वतः पिशवीत घालून घेऊन आले, आणि शेवटपर्यंत बसले. हे मुद्दाम लिहितोय, कारण आमचे बरेच विजेते प्रमाणपत्र हातात पडलं की चपला शोधतात, आणि एक शाळा तर आपला गट संपताच अख्खी रिक्षा भरून निघते.

माईकवाल्या भाऊंनी कधी पैसे मागितले नाहीत. सतरंज्या विठ्ठल मंदिराच्या, चहा कोपऱ्यावरच्या टपरीचा, प्रमाणपत्रांवरचं सुंदर अक्षर वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंचं. खुर्च्या मांडणारी तालमीतली पोरं, पावसात जनरेटर आणणारे काका, घंटी सांभाळणारी त्यांची नात, आणि हो, ढाल घासून देणारे तांबटकाका. कुणी राहिलं असेल तर १३ तारखेला येऊन मला जाहीर झापावं. मात्र आभार अगदी शेवटी असतात, तोवर बसावं लागेल.