पहिल्या पसंतीचा रकाना

आज दिवसभर इंजिनिअरिंग प्रवेशाचे पसंतीक्रम भरून घेत होते. सात मुलं, एक लॅपटॉप, आणि मध्येच गेलेली लाईट.

एका मुलीने तालुक्याजवळचं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलेलं. मनात होतं पुण्याचं. "ताई, तिथं लागायचं नाही, मग कशाला लिहू?" हे वाक्य दर वर्षी ऐकते आणि दर वर्षी पोटात कालवतं. तिला समजावलं: वर मोठं कॉलेज लिहिल्याने खालचं हातचं जात नाही. उलट पहिल्या फेरीत पहिलीच पसंती मिळाली, तर पुढच्या फेऱ्यांत ती बदलता येत नाही. म्हणून मनातलंच वर लिही.

वडील दाराशीच उभे होते, फीचं विचारायला संकोचत. २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास), ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून, प्रवेश घेतल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, हे त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. "खरंच का मॅडम?" दोनदा विचारलं त्यांनी. राहण्या-जेवणाचा खर्च मात्र उरतोच, तेही स्पष्ट सांगितलं.

थोडा वेळ गप्प राहिले. मग लेकीला म्हणाले, "पुण्याचं टाक वर."

नॉन-क्रिमीलेअरचा, म्हणजे मागास प्रवर्गातलं कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचा, दाखला अजून प्रांत कार्यालयातून यायचाय. उद्या सकाळी आम्ही तिघं जातोय.