एकच छायाचित्र दोन्हीकडे विकू नये

पहिली काही वर्षे मी एक सोयीस्कर समजूत बाळगून होतो: छायाचित्र चांगले असेल तर ते स्टॉक संकेतस्थळावरही (जिथे जाहिराती, मासिके वगैरेंसाठी तयार छायाचित्रांचे वापर-परवाने विकले जातात) विकले जाईल आणि भिंतीवर लावण्यासाठीही कोणीतरी त्याची प्रिंट घेईल. पुढे हिशेबाची वही नीट चाळली तेव्हा दिसले की, स्टॉकवर सर्वाधिक वेळा गेलेल्या माझ्या छायाचित्रांपैकी एकाचीही प्रिंट कोणी मागितलेली नाही, आणि ज्यांच्या प्रिंट गेल्या ती छायाचित्रे स्टॉकवर धूळ खात पडली आहेत.

स्टॉकवरून छायाचित्र घेणाऱ्या डिझायनरला मथळा बसेल इतकी मोकळी बाजू आणि क्षणात कळणारा विषय हवा असतो. माझे सर्वाधिक खपलेले छायाचित्र पांढऱ्या टेबलावरील चष्म्याचे आणि कोऱ्या वहीचे आहे. ते मी स्वतःच्या भिंतीवर कधीच लावणार नाही. प्रिंट घेणाऱ्याला त्या चित्रासोबत वर्षानुवर्षे राहायचे असते, त्यामुळे पहिल्या नजरेत सगळे सांगून टाकणारे चित्र त्याच्या कामाचे नसते.

स्टॉकचे अर्थकारण मोठ्या संख्येवर चालते. अडोबी स्टॉक हे संकेतस्थळ छायाचित्रकाराला विक्रीतला ३३ टक्के हिस्सा देते. शटरस्टॉक या दुसऱ्या संकेतस्थळाने जून २०२० पासून डाउनलोडच्या संख्येनुसार वाढणाऱ्या १५ ते ४० टक्क्यांच्या पायऱ्या आणल्या आणि दर १ जानेवारीला प्रत्येकाला पुन्हा सर्वांत खालच्या पायरीवर उभे केले. वर्गणीदाराने केलेल्या एका डाउनलोडमागे अवघे १० सेंट हाती येतात असेही घडते, म्हणून शे-दोनशे छायाचित्रे चढवून वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. त्यात कीवर्ड (शोधासाठीचे शब्द) लिहिणे, ओळखू येणाऱ्या प्रत्येक चेहऱ्यासाठी मॉडेल रिलीज (त्या व्यक्तीची लेखी संमती) घेणे आणि कोपऱ्यातली बोधचिन्हे पुसणे हे कंटाळवाणे काम आलेच. रात्रीचा आयफेल टॉवरसुद्धा व्यावसायिक वापरासाठी चालत नाही, कारण त्याच्या रोषणाईवर स्वामित्वहक्क आहे.

प्रिंटच्या बाबतीत मी अधिक चुका केल्या आणि शिकलोही अधिक. पहिली मोठी प्रिंट हातात आली तेव्हा सावलीतला सगळा तपशील काळ्या डागात बुडालेला होता. दोष छपाईचा नव्हता, मी गरजेपेक्षा कितीतरी उजळ ठेवलेल्या पडद्यावर चित्र संपादित करत होतो. तेव्हापासून पडद्याचे कॅलिब्रेशन (उजेड आणि रंग प्रमाणाला जुळवून घेणे), कागदाच्या प्रोफाइलनुसार सॉफ्ट प्रूफ (त्या कागदावर चित्र कसे उतरेल ते पडद्यावरच पाहणे) आणि आधी एक लहान नमुना प्रिंट, हा क्रम मी मोडलेला नाही. आकाराचे गणित तुलनेने सोपे आहे: ६००० गुणिले ४००० पिक्सेलची फाइल ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) छापल्यास सुमारे २० गुणिले १३ इंचांची प्रिंट मिळते, आणि दुरून पाहायच्या प्रिंटसाठी याहून कमी घनताही चालते. कापसाच्या तंतूंपासून बनवलेला आम्लरहित कागद आणि पिगमेंट शाई (रंगकणांची, टिकाऊ शाई) यांचा खर्च सोसवत नसेल, तर त्या प्रिंटला फाइन आर्ट म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मर्यादित आवृत्तीबद्दल, म्हणजे ठरावीक प्रतींपलीकडे प्रिंट न काढण्याच्या पद्धतीबद्दल, मात्र माझे मन अजून दोलायमान आहे. अमेरिकेचे विख्यात निसर्ग-छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांनी १९४१ साली टिपलेल्या ‘मूनराइज, हर्नांडेझ’ या छायाचित्राच्या हजाराहून अधिक प्रिंट काढल्या, तरीही त्यांतली एक २००६ साली लिलावात सहा लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. म्हणजे मूल्य केवळ दुर्मिळतेतून येत नाही. पण अॅडम्स यांच्यासारखे नाव पाठीशी नसलेल्याने आवृत्ती २५ प्रतींची आहे असे लिहून दिले, तर त्याने २६वी प्रत काढता कामा नये, आणि आकार बदलून नवी आवृत्ती काढण्याची पळवाट असेल तर ती पहिल्याच ग्राहकाला सांगितलेली बरी.

नेमका इथेच स्टॉकचा अडसर येतो. रॉयल्टी-फ्री परवान्याने (एकदा पैसे भरून पुन्हा पुन्हा वापरण्याची मुभा) एकदा गेलेली फाइल परत बोलावता येत नाही. संकेतस्थळावरून छायाचित्र काढून टाकले तरी आधी दिलेले परवाने कायम राहतात. ज्या चित्राची क्रमांकित, स्वाक्षरी केलेली प्रत एखाद्याने दिवाणखान्यात लावली आहे, तेच चित्र त्याला उद्या एखाद्या विमा कंपनीच्या जाहिरातीत दिसू शकते. माझ्या एका ग्राहकाच्या बाबतीत असेच झाले आणि मी त्याचे सगळे पैसे परत केले. आता प्रत्येक चित्रीकरणानंतर मी निवड करतानाच दोन वेगळे फोल्डर करतो, आणि शंका असलेले छायाचित्र प्रिंटच्या फोल्डरमध्ये टाकतो, कारण प्रिंट विकली गेली नसेल तोवर तिथून ते पुढे कधीही स्टॉकवर नेता येते.