पहिल्याच फेरीत दम का संपतो

खेलो इंडियाच्या फिटनेस चाचणीत 600 मीटरचा जो प्रकार आहे, त्याचं पूर्ण नाव ‘धावणे-चालणे’ असं आहे. म्हणजे मध्ये चाललं तरी चालतं. ही गोष्ट मुलांपर्यंत सहसा पोचत नाही. आमच्या मैदानावर चुन्याने आखलेली फेरी 200 मीटरची, म्हणून तीन फेऱ्या. त्या सकाळी नववीची तुकडी रेषेवर उभी राहिली आणि शिट्टी होताच निम्मी मुलं 50 मीटरची शर्यत असल्यासारखी सुटली. दीड फेरी होते न होते तोच कुणी कमरेवर हात ठेवून थांबलं, कुणी बरगडीखाली कळ आली म्हणून वाकलं, तर कुणी थेट कुंपणाकडे गेलं.

त्यातला एक उंच, खांदे पुढे पडलेला मुलगा म्हणाला, “सर, मला बहुतेक दमा आहे.” असं वाक्य हसण्यावारी न्यायचं नसतं. छातीत शिट्टीसारखा आवाज येतो का, रात्री खोकला येतो का, पळताना कधी छातीत दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली का, घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास झाला आहे का, हे विचारलं. यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर मुलाला आधी डॉक्टरांकडे पाठवायचं, मैदान नंतर. त्याची सगळी उत्तरं ‘नाही’ होती. 15 सेकंद नाडी मोजली तर 47 ठोके, म्हणजे मिनिटाला 188. बसल्यावर ती भराभर उतरली. हृदय ठीक होतं, बिघडला होता तो वेगाचा अंदाज.

संध्याकाळी गल्लीत खेळणाऱ्या मुलाला किती वेगाने सुटलं की किती पुरतं हे न शिकवता कळतं. शाळा, क्लास आणि मोबाईल एवढ्यातच ज्याचा दिवस संपतो त्याला दोनच वेग ठाऊक असतात, बसणं आणि सुसाट पळणं. सुसाट पळताना स्नायूंना लागणारी ऊर्जा प्राणवायूच्या पुरवठ्यापेक्षा झपाट्याने खर्च होते. मिनिटभरात पाय जड होतात, श्वास आवरत नाही, आणि मुलगा ‘आपल्याला जमत नाही’ असं ठरवून मोकळा होतो. त्यात आमच्याकडे मैदानाला फेऱ्या आणि उठाबशा या गृहपाठ न केल्याच्या शिक्षा! वर्षानुवर्षं शिक्षा म्हणून दिलेली गोष्ट मुलांनी हौसेने करावी अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

डब्याच्या सुट्टीआधी, पुरेशी विश्रांती आणि पाणी झाल्यावर, अर्धवट थांबलेल्यांनाच पुन्हा बोलावलं. बाकी तुकडी वर्गात होती. बघे नसणं फार गरजेचं. जोड्या लावल्या आणि दर 50 मीटरवर एक काठी रोवली. नियम एकच: जोडीदाराशी बोलत पळायचं. वाक्य मध्येच तुटायला लागलं की पुढच्या काठीपर्यंत चालायचं, बोलणं नीट जमलं की पुन्हा पळायचं. हळूहळू, बडबड करत, सगळ्यांच्या तीन फेऱ्या पूर्ण झाल्या. उंच मुलगा शेवटच्या काठीशी थांबून म्हणाला, “एवढंच होतं?” चाचणीच्या गुणतक्त्याप्रमाणे त्याची वेळ सुमारच होती, पण दम्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

पुढच्या आठवड्यांचा आराखडा त्याच दिवशी फळ्यावर लिहिला. आठवड्यातून तीन दिवस: 5 मिनिटं भरभर चालणं, मग 1 मिनिट पळणं आणि 2 मिनिटं चालणं असं 6 वेळा. दोन आठवडे सहज गेले तर पळणं 2 मिनिटांचं करायचं, त्याआधी नाही. उरलेल्या दिवशी लंगडी, खो-खो किंवा दोरीउड्या. ताकदीसाठी पुश-अप भिंतीला हात टेकवून, 8-8 चे दोन डाव. ते सोपे वाटले की बाकावर हात ठेवून, मग जमिनीवर. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी किमान 60 मिनिटांची मध्यम ते जोरदार हालचाल सांगते. हा आकडा पहिल्याच दिवशी मुलासमोर ठेवला तर तो सुरुवातच करत नाही.

दुपारी त्या उंच मुलाची आई भेटायला आली. “सर, तुम्हीच त्याला मोबाईल सोडायला सांगा. आमचं ऐकत नाही.” मोबाईल काढून घेतला की रिकामा झालेला वेळ भांडणाने भरतो, पळण्याने नाही. म्हणून तो प्रश्न बाजूला ठेवून दिवसाचं वेळापत्रक मागितलं. क्लास घरापासून सव्वा किलोमीटरवर, आणि आई रोज स्कूटीवरून सोडायची, आणायची. “ताई, जाताना त्याला चालत पाठवा, रात्री आणायला मात्र जा,” एवढंच ठरलं. पंधरा-वीस मिनिटं तिथेच निघाली. गेमचा एक डाव संपून दुसरा सुरू होईपर्यंत उभं राहून 10 बैठका, हे त्याने स्वतः सुचवलं. मुलाने सुचवलेलं टिकतं, म्हणून त्यात सुधारणा केली नाही. मोबाईलबाबत फक्त एक अट घातली: झोपताना तो बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. 13 ते 18 वयात 8 ते 10 तास झोप लागते. साडेबाराला झोपून सहाला उठणाऱ्या मुलाकडून दुसऱ्या दिवशी धावण्याची अपेक्षाच करू नये.

योजना बहुधा पहिल्या आठवड्यातच मोडते. उत्साहात शंभर उठाबशा होतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. हे दुखणं आपोआप जातं, पण हे आधी सांगितलेलं नसेल तर मुलगा इजा झाली समजून थांबतो. दुसरी अडचण उंची झपाट्याने वाढणाऱ्यांची. गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दाबलं की दुखतं, कारण मांडीच्या स्नायूचा ताण तिथल्या वाढत्या हाडावर येतो. अशा वेळी उड्या आणि बैठका कमी करायच्या, दुखेल तिथे 10-15 मिनिटं बर्फ लावायचा, सपाटीवर चालणं चालू ठेवायचं. मूल लंगडत असेल, सूज असेल किंवा रात्री दुखून जाग येत असेल तर डॉक्टर गाठायचे.

मुलींच्या रांगेतली अडचण निराळीच निघाली. त्यांना पळायचं होतं, पण संध्याकाळी मैदान क्रिकेटवाल्या मुलांच्या ताब्यात असतं, आणि पळताना लागणारे नीट बसणारे आतले कपडे घरी कुणी विचारात घेतलेले नसतात. पहिल्या गोष्टीसाठी मैदानाचा अर्धा भाग आठवड्यातले तीन दिवस खो-खोसाठी राखला. दुसरी शाळेतल्या बाईंनी माता-पालक सभेत, पुरुषांना बाहेर थांबवून, सरळ शब्दांत मांडली.