ऑपरेशन सुरळीत, औषधांची यादी मात्र अडली

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा ज्याने त्याने भीती घातली ती भुलेची आणि इन्फेक्शनची. त्यातलं काहीही झालं नाही. आम्ही अडकलो ते डिस्चार्जच्या दिवशी, औषधांच्या कागदावर. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

हॉस्पिटल छोटंच, पण रुग्णसुरक्षेचं त्यांनी मनावर घेतलं होतं. गोळी द्यायला येणारी प्रत्येक सिस्टर मनगटावरचा पट्टा बघायची आणि बाबांच्याच तोंडून नाव, जन्मतारीख वदवून घ्यायची. ("अहो सिस्टर, रात्रीत नाव नाही बदललं माझं," हे बाबांचं ठरलेलं उत्तर.) सर्जननी बाबा जागे असतानाच त्यांना विचारून बरोबर त्याच गुडघ्यावर मार्करने खूण केली. थिएटरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेची २००८ मध्ये आलेली १९ मुद्द्यांची यादी वाचतात, असं भूलतज्ज्ञांनी सांगितलं: भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि पेशंटला बाहेर नेण्याआधी. ऐकून बरं वाटलं.

मग डिस्चार्ज. सकाळी "फाइल तयार होतेय", दुपारीही तेच. कागद हातात आला तेव्हा त्यावर रक्तदाबाची एक नवी गोळी होती. नाव अनोळखी. घरची स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचली, तर आत तेच, अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. कंपनी फक्त वेगळी. कागदावर कुठेही "जुनी बंद" असं नव्हतं, म्हणजे बाबांनी इमानेइतबारे दोन्ही घेतल्या असत्या. रक्तदाब उतरून चक्कर येणार, आणि तीही नव्या गुडघ्यावर वॉकर धरून चालताना!

दुसरं त्याहून गंभीर. बाबांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) आहे. ऑपरेशनसाठी क्लोपिडोग्रेल, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी, थांबवायला सांगितलं होतं. ते परत कधी सुरू करायचं, याबद्दल कागदावर अवाक्षर नाही. शिवाय पोटावर टोचायचं रक्त पातळ करणारं नवं इंजेक्शन लिहिलेलं. दोन्ही एकत्र चालली तर रक्तस्रावाची भीती, गोळी बंदच राहिली तर स्टेंट तुंबण्याची. सिस्टर म्हणाल्या, डॉक्टरांना विचारा. रेसिडेंट म्हणाले, हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. तिकडची ओपीडी म्हणते, ज्यांनी बंद केलं त्यांना विचारा. मेडिकलवाला म्हणतो, लिहिलंय तेवढं देतो. उद्धट कोणीच नव्हतं, पण उत्तर कोणाकडेच नव्हतं. बिलिंगवाले मात्र न चुकता फोन करत होते की बेड कधी रिकामा करताय. बाबा कपडे बदलून, सलाइनच्या जागी कापूस चिकटवलेला हात मांडीवर ठेवून खुर्चीत बसलेले.

शेवटी एका मावशींनी जाता जाता सुचवलं, "त्या फार्मसिस्ट मॅडमना बोलवा ना." हॉस्पिटलला क्लिनिकल फार्मसिस्ट, म्हणजे पेशंटची औषधं तपासून जुळवणाऱ्या तज्ज्ञ, आहेत हे आम्हाला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं! त्यांनी घरच्या औषधांची पिशवी पलंगावर रिकामी केली, चालू, बंद, नवीन असे तीन रकाने आखले, सर्जनना आणि हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला आणि क्लोपिडोग्रेल सुरू करायची तारीख सह्यांसकट लिहून घेतली. चहा निवायच्या आत सगळं झालं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी इजा टाळायची मोहीम काढली, तिच्यातल्या तीन मुख्य मुद्द्यांपैकी एक हाच: पेशंट एका ठिकाणाहून दुसरीकडे जातो तेव्हाची औषधं. म्हणजे दुखणं जगभरचं आहे, उपाय माहीत आहे, आणि तो त्याच इमारतीत बसलेला होता.

तर, भरती होतानाच घरच्या औषधांच्या स्ट्रिप्स घेऊन जा, नुसती यादी नको. डिस्चार्जची यादी आदल्या संध्याकाळी मागा, सकाळी सगळेच घाईत असतात. ब्रँडचं नाव सोडा, आतल्या औषधाचं नाव जुळवा. आणि हो, अॅलर्जी असेल तर ती पहिल्याच दिवशी फाइलवर लिहिलेली स्वतः डोळ्यांनी बघा. आयुर्वेदिक काढे, झोपेची गोळी, हेही सांगायचं. बाबांनी झोपेच्या गोळीचं लपवलं होतं, ती त्या पिशवीतून निघाली.

निघताना अभिप्रायाचा फॉर्म दिला. स्वच्छता, वागणूक, बिल, सगळ्यांना रकाने होते. औषधांच्या यादीला नव्हता. मी 'इतर'मध्ये लिहायला घेतलं, जागा संपली, मग मागची कोरी बाजूही भरली.