डायपर ओला होता, तरी लघवी होत नव्हती

लेकीच्या पाठीवर जन्मतःच गाठ होती. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं, जखम भरली, पुढे ती भिंतीला धरून चालायलाही लागली. तिच्या पायांकडे आम्ही डोळ्यांत तेल घालून बघत होतो. लघवीकडे कुणी बघितलंच नाही. डायपर सतत ओला, म्हणजे लघवी होतेय, एवढंच आम्हाला कळत होतं.

तिसऱ्या वर्षी थंडी वाजून तीनदा ताप आला. दोनदा लघवी न तपासताच औषध देऊन घरी पाठवलं, त्याचा राग अजून जात नाही. तिसऱ्यांदा सोनोग्राफी झाली आणि उजवी किडनी सुजलेली निघाली. लहान मुलांच्या सर्जन बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. पाठीवरच्या त्या गाठीपायी मूत्राशयाच्या नसा जन्मापासूनच नीट नव्हत्या. मूत्राशय आवळायचं, पण खालचं तोंड सैल व्हायचंच नाही. डायपरमध्ये येत होतं ते भरून सांडलेलं. बाकीचं आत तुंबून किडनीकडे उलटं चढत होतं.

मग युरोडायनॅमिक तपासणी, म्हणजे मूत्राशय भरत जाताना आत दाब किती होतो ते मोजायचं. मुलांच्या मूत्राशयात किती मावावं याचा ढोबळ हिशेब म्हणजे वयात एक मिळवायचा आणि तीसने गुणायचं. तीन वर्षांच्या मुलीला 120 मिली. हिचा दाब 60 मिलीलाच धोक्याच्या रेषेच्या, म्हणजे पाण्याच्या 40 सेंटिमीटर दाबाच्या, वर गेला.

उपाय ठरला: मूत्राशय सैल ठेवणारं ऑक्सिब्युटिनिन हे औषध आणि दर चार तासांनी नळी घालून लघवी काढायची. ऐकून मी रडलेच. पोटच्या पोरीला मी कशी नळी घालणार? सिस्टर म्हणाल्या, "ताई, थिएटरसारखं निर्जंतुक काही नको. साबणाने धुतलेले हात हवेत आणि वेळ चुकवायची नाही." ही पद्धत 1972 पासून रूढ होत गेली, असं बाईंनी सांगितलं तेव्हा जरा धीर आला.

पहिल्यांदा माझी नळी भलत्याच जागी गेली. "काढू नका, राहू दे तिथेच," सिस्टर म्हणाल्या. "दुसरी घ्या आणि तिच्या जरा वर बघा." दुसरी बरोबर गेली. मापात 90 मिली आलं. डायपर तर दहा मिनिटांपूर्वीच बदललेला होता, चिंब ओला.

औषधाने तोंड कोरडं पडायचं, शी घट्ट व्हायची. शी साठली की लघवीचंही बिघडतं, म्हणून शी साफ होण्याचंही औषध रोज नेमाने. पाठीत असा जन्मदोष असलेल्या मुलांना लेटेक्सची, म्हणजे फुग्यांच्या रबराची, अ‍ॅलर्जी होऊ शकते, म्हणून वाढदिवसाला फुगे नाहीत. नळीही लेटेक्सची चालत नाही. लघवीत जंतू दिसले, पण ताप नाही, त्रास नाही, तर दर वेळी अँटिबायोटिक द्यायचं नाही, हे पचायला मला वर्ष लागलं.

आता ती सहा वर्षांची आहे. किडनीची सूज उतरली आहे. परवा तिने आरशात बघून पहिल्यांदा नळी स्वतः घातली. मी नुसता आरसा धरून बसले होते.

"आई, किती?"

"180."

वहीत आकडा तिनेच लिहिला, आठ उलटा काढून.