तेवढं बघा

आमच्या इमारतीच्या गच्चीवरची टाकी दोन महिने पाझरतेय. सदाशिव पेठेत जुना वाडा पाडून उभी राहिलेली बारा बिऱ्हाडं; इथे साधा नळ गळला तरी लेखी अर्ज होतो. सेक्रेटरी काकांनी बिल्डरला इंग्रजीत पत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं आणि वर बजावलं, "शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल’ टाक. त्याशिवाय पत्राला वजन येत नाही."

या नीडफुलने माझी एकदा चांगली फजिती केलीय. हिंजवडीतली पहिली नोकरी. इंग्लंडमधल्या सहकाऱ्याला एक फाइल पाठवली आणि खाली ऐटीत लिहिलं, ‘प्लीज डू द नीडफुल’. त्याचं अदबशीर उत्तर आलं: म्हणजे नेमकं काय करू? तपासू, दुरुस्त करू, की पुढे पाठवू? मी मनात म्हटलं, घ्या! साहेबालाच साहेबाची भाषा येईना.

खरं तर शब्द त्यांचेच. जुन्या इंग्रजी पत्रांत ते सर्रास असायचे. त्यांनी ते इकडे आणले, पुढे तिकडे मागे पडले आणि आपल्या कचेऱ्यांत मुरले. त्यामुळे ही व्याकरणाची चूक नव्हे. (‘रिव्हर्ट बॅक’ची गोष्ट वेगळी, रिव्हर्टमध्ये ‘मागे’ आधीच आहे, वर बॅक कशाला?)

आणि आपल्याला ते इतके मानवले, कारण आपल्याकडे ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ होतंच. घरात तर त्याहून सुटसुटीत. बाबा पिशवी घेऊन निघाले की आई आतून म्हणते, "येताना तेवढं बघा हं." बाबा दळण घेऊन येतात, शिंप्याकडचा ब्लाउजही आणतात. ‘तेवढं’ म्हणजे केवढं, ते दोघांना ठाऊक असतं. माझ्या त्या इंग्रज सहकाऱ्याला कुठून असणार?

म्हणून या वेळी पत्रात सगळं फोडून लिहिलं. टाकीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, तळापासून वीतभर वर तडा आहे. १५ तारखेच्या आत वॉटरप्रूफिंग करून द्यावं. गच्चीची किल्ली दुसऱ्या मजल्यावर मिळेल.

काकांनी चष्मा कपाळावर चढवून पत्र दोनदा वाचलं.

"तपशील झाला. विनंती कुठाय?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी खिशातलं शाईचं पेन काढलं आणि सहीच्या वर उरलेल्या बोटभर जागेत वळणदार अक्षरात ‘काइंडली डू द नीडफुल’ बसवलं. नीडफुलला शेवटी दोन एल. मी त्या दुसऱ्या एलकडे बोट नेलं आणि तसंच मागे घेतलं.